फरशी ठरेपर्यंत

रविवार, ८ जानेवारी

ही वही क्लोरीन पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. निळी आहे. विकत घ्यायला गेलो असतो तर अजून दुकानातच उभा असतो, त्यामुळे तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

लिहायला घेण्याचं कारण असं, की एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी माझं लग्न आहे. तारीख सुहैरच्या आईने, हाजा फिक्रियांनी ठरवली. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "वजदी, साखरपुड्याला चार वर्षं झाली. तेव्हा माझ्या धाकटीच्या लग्नाचा पत्ता नव्हता, आता तिची पोरगी बोलायला लागली. तुला काय हाक मारायची ते तिला कळत नाही. हॉल मी सांगून आलेय."

"फ्लॅट तयार झाला की लगेच, हाजा."

"फ्लॅटला काय झालंय? भिंती आहेत, वर छत आहे."

फ्लॅटला तसं काही झालेलं नाही. इथेच मनसुऱ्यात, नदीपासून दोन गल्ल्या आत, तिसरा मजला. बिल्डरने दिला तसाच आहे: लाल विटा, सिमेंट, आणि दारांच्या जागी भोकं. फरशी बसली की रंग, रंग झाला की दारं, दारं बसली की फर्निचर, फर्निचर आलं की लग्न. थोडक्यात, फरशीपाशी अडलंय. आणि फरशी ही काही रोज बदलायची गोष्ट नाही. माणूस मरेपर्यंत तिच्यावर चालतो.

सध्या माझ्याकडे सत्तेचाळीस नमुने आहेत. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेत, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने नंबर घातलाय. पाण्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढल्यावर नमुन्यांना नंबर घालायची सवय लागतेच. तिथलं काम मात्र सोपं. पाणी पिण्याजोगं असतं किंवा नसतं. 'जरा राखाडीकडे झुकणारं पिण्याजोगं' असा प्रकार पाण्यात नाही.

शुक्रवार, १३ जानेवारी

सुहैरकडे जेवायला गेलो. हाजांनी बदक भरलं होतं. जाताना पांढरं चीज घेऊन जावं म्हणून नव्या मोठ्या दुकानात शिरलो. एकोणीस प्रकार निघाले. कमी मिठाचं, जास्त मिठाचं, मिरचीचं, म्हशीचं, आणि एक नुसतं 'खास' लिहिलेलं. खास म्हणजे काय, ते विक्रेत्यालाही सांगता आलं नाही. अर्ध्या तासाने हात हलवत बाहेर पडलो. जेवायला उशीर झाला. "चीज कुठंय?" हाजांनी विचारलं. "त्याने आणलंच नसणार, आई," सुहैर म्हणाली. हिला कसं कळलं कोण जाणे.

सुहैर सरकारी इस्पितळात नर्स आहे. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत, त्यांचं रक्त मशिनवर साफ करतात, त्या विभागात. चौदा मशिनं, आणि सकाळच्या पाळीला ती मुख्य. जेवताना म्हणाली, "जेद्दाच्या एका इस्पितळाला मशिनवर काम केलेल्या नर्स हव्यात. दोन वर्षांचा करार. आमच्याकडच्या दोघी अर्ज करतायत."

मी म्हटलं, चांगलंय. मग तिला अकरा आणि तेवीस या दोन नमुन्यांचे फोटो दाखवले. दोन्ही फिकट मातकट आहेत, पण तेवीसमध्ये एक हलकी शीर आहे. तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "दोन्ही छान आहेत."

असं बोलून माणसाची काहीच मदत होत नाही.

शुक्रवार, २० जानेवारी

उस्ता बिशाय फ्लॅटवर आला होता. मनसुऱ्यातला सगळ्यात चांगला फरशीवाला, म्हणजे मी ज्या नऊ जणांना भेटलो त्यातला. सत्तेचाळीस नमुन्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, जसं काही कुणाच्या मयतीला आलाय.

"साहेब, यातली नक्की कुठली?"

मी त्याला तक्ता दाखवला. रंग, खरखरीतपणा, डाग दिसणं, पाय घसरणं आणि दहा वर्षांनी नजरेला कंटाळा येणं. प्रत्येकाला दहापैकी गुण. सगळ्यात वरच्या फरशीला एकेचाळीस, तिच्या खालच्या सहांना चाळीस.

"मग एकेचाळीसवाली घ्या."

"एका गुणावर? एवढा फरक तर माझ्या मोजण्यातल्या चुकीचा असू शकतो."

उस्ताने सिमेंटच्या पोत्यावर बसून चहा प्यायला. म्हणाला, "मी बापाकडे काम शिकलो ना, तेव्हा दोनच फरश्या होत्या. एक काळी, एक पांढरी. गिऱ्हाईक विचार करायचं आणि दोन्ही घ्यायचं. अजून आहेत ती घरं." जाताना दाराच्या भोकात थांबून विचारलं, "बाईंना काय आवडतं?"

तिला दोन्ही छान वाटतात, म्हणून मी सांगितलं. "मग त्या शहाण्या आहेत," म्हणाला आणि जिना उतरला. त्याचं दुसरीकडे काम चालू आहे. माझं ठरलं की त्याला फोन करायचा.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

दमिएट्टाला गेलो. अख्ख्या देशातली नवरीची खाट-कपाटं तिथेच बनतात, त्यामुळे फरशी ठरेपर्यंत निदान अंदाज घेऊन ठेवावा असं वाटलं. मी, सुहैर, हाजा. पहाटे मायक्रोबस पकडली.

एकतीस दुकानं झाली. हाजा नवव्या दुकानात एका सोफ्यावर टेकल्या त्या घोरायलाच लागल्या. दुकानदार भला माणूस, त्याने पंखा वळवून दिला. जाग आल्यावर म्हणाल्या, "हाच घ्या. झोप लागते." मी समजावलं की झोप लागणं हे सोफ्याचं काम नाही. "कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

अकराव्या दुकानात सुहैरला अक्रोडाचं एक साधं टेबल आवडलं. नक्षी नाही, सोनेरी रंग नाही. दोनदा त्याच्यावरून हात फिरवला तिने. म्हणाली, "यावर मी सकाळचे डबे भरीन, तू पेपर वाच." मी म्हटलं, टेबल चांगलंय, पण अजून वीस दुकानं बघायचीयत, परत येऊच. सहाला परतलो तर टेबल गेलं होतं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही वळलात आणि पाच मिनिटांत एक जोडपं घेऊन गेलं." म्हणजे माझी पारख बरोबर होती. टेबल चांगलंच होतं, दुसऱ्यालाही पटलं. मी सुहैरला तसं म्हटलं.

येताना तिने मशब्बकचा पुडा मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत सगळा एकटीने संपवला. एरवी गोड खात नाही. बहुतेक तिला बस लागते.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. माझी मोठी बहीण अफाफ. आई गेल्यापासून मला कुणी बोलायचं असेल तर तिनेच. आज बोलली.

"चार वर्षं पोरीला लटकवून ठेवलंयस. तुला लग्न करायचंय की नाही?"

मी तिला खरं कारण सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाबांनी आमचं जुनं घर दहा मिनिटांत घेतलं होतं. पहिलंच बघितलेलं. मित्राने दाखवलं, बाबा आत गेले, खिडकी उघडली, "हवा आहे" म्हणाले आणि विसार दिला. त्या घराची उत्तरेची भिंत कायम ओली असायची. तिला लागूनच आईचं अंथरूण. मला आठवतं तेव्हापासून आई खोकायची, आणि खोकतच गेली. दहा मिनिटं. अजून एखादं घर बघितलं असतं तर? मी लहानपणीच ठरवलं होतं, असं काही माझ्या हातून होऊ द्यायचं नाही.

 ताईने गॅस बारीक केला.

"वजदी, आई सिगरेट ओढायची रे."

"काहीतरीच."

"न्हाणीघरात. रोज पाच-सहा. बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं. मीच आणून द्यायचे कोपऱ्यावरून. भिंतीला ओल होती, पण भिंतीने काही केलेलं नाही. त्या घराला हवा होती बरं का, म्हणून तर धूर लपायचा."

मला हे पटत नाही. आणि खरं असलं तरी ओल होती हे खरंच आहे. घरी आल्यावर तक्त्यात 'ओल धरणं' हा नवा रकाना घातला. सगळ्यांचे गुण पुन्हा मोजावे लागतील.

बुधवार, १ मार्च

संध्याकाळी सुहैरबरोबर नदीकाठी बसलो. तिने गाडीवरून तुर्मुसचे खारे दाणे घेतले होते. एकेक दाणा सोलून सालं रुमालात ठेवत होती.

"जेद्दाची चिठ्ठी आली," ती म्हणाली. "माझी निवड झालीय."

तिने अर्ज केला होता हेच मला माहीत नव्हतं. अभिनंदन केलं. एकशे बारा जणींतून सहा घेतल्यात. एवढ्यांतून नक्की कसं निवडलं असेल, काय निकष लावले असतील, ते विचारलं. तिला ठाऊक नव्हतं.

"चौदा तारखेला एजंट इस्पितळात येणार आहे सह्या घ्यायला. दुपारी एकला. वजदी, जाऊ की नको?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतेय."

मोठा प्रश्न आहे. असल्या गोष्टीत घाईने काहीतरी बोलून तिच्यावर दडपण आणणं मला बरोबर वाटलं नाही. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "मला आठ-दहा दिवस दे. दोन्ही बाजू नीट मांडून सांगतो."

ती हसली. मग सालांचा रुमाल पाण्यावर झटकला आणि उठली. माझ्या वाटचे तुर्मुस तसेच राहिले होते, ते तिने शेजारच्या बाकावरच्या बाईला दिले.

सोमवार, ६ मार्च

जेद्दाचा तक्ता केला. जाण्याच्या बाजूने: पगार, अनुभव, उमऱ्याची यात्रा होईल, हाजांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करता येईल. न जाण्याच्या बाजूने: हॉल सांगितलाय, हाजा एकट्या पडतील, उन्हाळा फार. दोन्हीकडे सदतीस.

'मला एकटं वाटेल' हेही न जाण्याच्या बाजूला लिहिलं होतं. पण ते पुराव्यात बसत नाही, माझ्या सोयीचं आहे, आणि त्याला गुण द्यायचा म्हटलं तर किती द्यावे ते कळेना. म्हणून खोडलं.

गुरुवार, ९ मार्च

मोठी प्रगती! सत्तेचाळीसांवरून तीनवर आलो. अकरा, तेवीस आणि छत्तीस. ताबडतोब सुहैरला तिन्हींचे फोटो पाठवले. उत्तर नाही. ड्यूटीवर असेल.

संध्याकाळी हाजांचा फोन. "वजदी, पोरगी बॅग काढून बसलीय." मी म्हटलं, मंगळवारपर्यंत वेळ आहे, मी तिला सोमवारी दोन्ही बाजू कळवणार आहे.  हाजा म्हणाल्या, "तुझ्या आईला मी ओळखत होते. बाई मोठी धीराची." आणि फोन ठेवला. आईचं नाव मध्येच का काढलं, समजलं नाही.

सोमवार, १३ मार्च

सुहैरला तक्ता पाठवला. सोबत लिहिलं की दोन्ही बाजू समान असल्यामुळे निर्णय पूर्णपणे तिचा आहे आणि तो मी मान्य करीन. मला वाटतं ह्याहून न्याय्य लिहिता आलं नसतं. तिचं उत्तर एका शब्दाचं: "बरं."

दुपारी भूक नव्हती. बहुतेक कालची फूलची उसळ आंबली होती.

मंगळवार, १४ मार्च

दमलोय, थोडक्यात लिहितो. सकाळी सात वीसला नदीच्या पाण्याचा नमुना घ्यायला गेलो तर डिझेलचा वास. वरच्या अंगाला कुठल्यातरी नावेची टाकी रात्रीतून गळली होती, हे नंतर कळलं. पंप बंद करायला लावले. पंपावरचा माणूस म्हणाला, मोठ्या साहेबांना विचारावं लागेल, अर्ध्या शहराचं पाणी जाईल. म्हटलं, सही माझी घे. तरी तो हलेना, तेव्हा खटका मीच ओढला.

पण पहिल्या टाकीतून थोडं पाणी पुढे गेलं असण्याची शक्यता होती. घरोघर पोचायला दोन तास लागतात, इस्पितळाची वाहिनी मात्र सरळ, पंधरा मिनिटांची. आणि तिथे किडनीच्या मशिनांवर पाणी माणसाच्या रक्ताला जवळजवळ लागूनच वाहतं. म्हणून पहिला फोन तिथे केला. सुहैरनेच उचलला. मी म्हटलं, "मशिनं शहराच्या पाण्यावरून काढ. आत्ता. का ते मागाहून." तिने "काढते" म्हटलं आणि मी ठेवून दिला, कारण पुढचा फोन बेकरीला करायचा होता, मग शाळांना.

आत्ता वाटतंय, 'कशी आहेस' एवढं तरी विचारायला हवं होतं. नेमका आज तिच्या सहीचा दिवस. राग आला असेल.

दुपारी चारपर्यंत पाणी स्वच्छ झालं. पंप चालू केले.

साडेचारला ती आमच्या पाणीशुद्धी केंद्राच्या फाटकाशी उभी होती. नर्सच्या कपड्यांतच, वरून शाल. हातात तामियाच्या वड्यांचे दोन सँडविच.

"जेवलायस?"

"नाही."

"मला वाटलंच." तिथेच कट्ट्यावर बसलो.  ती म्हणाली, "चौदा जण लावलेले होते. सव्वासातला आलेले, नुकतेच. सगळ्यांना काढलं. आमच्या गाळण्यांना नंतर वास येत होता, वजदी. अजून दहा मिनिटं गेली असती तर…"

"दहा नाही, साधारण बारा," मी म्हटलं. "वाहिनीत दाब कमी असतो त्या वेळी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी सही नाही केली."

"का?"

"तुझा फोन आला ना."

म्हणजे त्या गडबडीत एकची वेळ निघून गेली. मला फार अपराधी वाटलं. म्हटलं, अशा प्रसंगी एजंटाने थांबायला हवं होतं, मी लेखी कळवू शकतो, आणीबाणी होती म्हणून. ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि सँडविचमधला कांदा माझ्या कोटावर सांडला. फाटकावरचा पहारेकरी बाहेर येऊन बघायला लागला.

फोटोंमधल्या तीन फरश्यांबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवार, १६ मार्च

मोठ्या साहेबांचं पत्र. परवानगीशिवाय पंप बंद केल्याबद्दल खुलासा मागितलाय. 'अशा प्रसंगी नियमावलीत चार पर्याय दिलेले आहेत. आपण त्यांपैकी कोणकोणते विचारात घेतलेत ते कारणांसह कळवावे.'

नियमावली काढून वाचली. खरंच चार आहेत. प्रवाह कमी करणं, कोळशाची पूड टाकून चालू ठेवणं, समिती बोलावणं, बंद करणं. चांगले आहेत. प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही बोलता येईल. पण मंगळवारी सकाळी त्यांतला एकही मला आठवला नव्हता. खोटं कसं लिहायचं? तासभर कोऱ्या कागदासमोर बसून शेवटी लिहिलं, 'एकही नाही. वास आला.'

नोकरीवर गदा येईल असं दिसतं.

सोमवार, २० मार्च

नोकरीवर गदा आली नाही. इस्पितळाने साहेबांना आभाराचं पत्र धाडलं, आता साहेब सगळ्यांना सांगतायत की बंद करायचं आम्हीच ठरवलं.

पण आज दुसरंच घडलं. संध्याकाळी फ्लॅटवर गेलो तर उस्ता बिशाय आत, आणि सुहैर सिमेंटच्या पोत्यावर बसलेली. माझे सत्तेचाळीस नमुने जिन्यात काढून ठेवलेले.

"काय चाललंय?"

"फरशी ठरली," सुहैर म्हणाली.

"कुठली? अकरा?"

"नंबर नाही माहीत. उस्तांच्या गाडीत पडली होती. कुणाच्यातरी कामातून उरलेली, आणि आपल्याला पुरतेय."

ती माझ्या यादीतच नव्हती! सत्तेचाळीसांत कुठेच नाही. मी एक उचलून उजेडात धरली. साधी, तांबूस, भाजलेल्या मातीसारखी.

"हिच्यावर डाग कितपत दिसतात ते बघायला हवं," मी म्हटलं.

"पडले की बघू."

"आणि रंग? दारं?"

उस्ताने बोटांवर मोजून दाखवलं. "रंग पांढरा. दारं, माझा मेव्हणा करतो तशी. नळ, जे टिकतात ते. खटके, कोपऱ्यावरच्या दुकानातले. बाईंचा चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपलं, साहेब. मी लिहून घेता घेता दमलो."

मला लागलं. लपवत नाही, लागलं. चौदा महिने घातले होते मी त्या तक्त्यात. म्हटलं, "सुहैर, मला निदान विचारायचं तरी."

ती उठली, कपड्यांवरचं सिमेंट झटकलं. "विचारलं होतं, वजदी. नदीवर. तू दोन्हीकडे सदतीस लिहून दिलंस."

उस्ता बिशायला एकदम जिन्यातल्या नमुन्यांची आठवण झाली, तो बाहेर गेला.

मी म्हटलं, "तिथे अजून एक ओळ होती. खोडली मी."

"काय होतं?"

सांगितलं. त्याला किती गुण द्यावे हे न कळल्यामुळे खोडल्याचंही सांगितलं.  तिने माझ्या हातातली फरशी घेतली आणि खिडकीखाली जिथे पहिली ओळ सुरू होणार होती, तिथे जमिनीवर ठेवली.

"उस्ता," तिने हाक मारली, "उद्या सकाळी सातला येता ना?"

शनिवार, ८ एप्रिल

फरशी बसली. उस्ताचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा, मोठा उपास चालू आहे, म्हणून तेलातली फूलची उसळ खाऊन तो दिवस काढतो आणि कामाला मात्र थांबत नाही. गुडघ्यांवर बसून चारही खोल्या बघितल्या. उतार बरोबर आहे. एका कोपऱ्यात एक फरशी किंचित गडद निघालीय. उस्ताला दाखवली. "ती तशीच असते," म्हणाला. बदलू का, विचारलं त्याने. मी थोडा विचार केला आणि नको म्हटलं. थोडा म्हणजे सव्वा तास.

जिन्यातले नमुने खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावले. सत्तेचाळीस प्रकारची फरशी असलेलं खुराडं सगळ्या मनसुऱ्यात तेवढंच असावं.

शुक्रवार, २८ एप्रिल

काल लग्न झालं. हाजा नाचल्या, गुडघ्यांसकट. ताई रडली. उस्ता बिशाय सुटात आला होता आणि ज्याला त्याला सांगत होता की हे लग्न त्याने लावलं.

शुक्रवार, १२ मे

माझा सुटीचा दिवस. सोफा अजून आलेला नाही (हाजा ज्याच्यावर झोपल्या होत्या तोच सांगितलाय, इथेही मला कुणी विचारलं नाही). म्हणून जमिनीवर पेपर अंथरून न्याहारी केली. फूलची उसळ, तामिया, कांद्याची पात, आणि चीज, जे सुहैरने दुकानात शिरल्या शिरल्या उचललं. त्याच्यावर 'खास' लिहिलेलं होतं. ठीक होतं.

बरेच दिवस मनात होतं ते आज विचारलं. "चार वर्षांपूर्वी तुला स्थळं किती आली होती?"

"तीन," ती भाकरी मोडत म्हणाली. "शनिवारी, सोमवारी आणि बुधवारी यायची होती. तू शनिवारी आलास."

"मग?"

"मग काय? आईने बाटलीतलं पाणी पुढे केलं, तर तू म्हणालास नळाचं द्या. ग्लास नाकाशी धरून वास घेतलास आणि म्हणालास, 'छान आहे.' आमच्या घरात कुणी नळाच्या पाण्याला छान म्हटलं नव्हतं. रविवारी मी आईला सांगितलं, बाकीच्यांना येऊ नका म्हणून कळव."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "म्हणजे बाकीचे दोघं तू बघितलेच नाहीस?"

"नाही."

"सुहैर, बघायचं तरी!"

"कशाला?"

ती खरोखरच विचारत होती. मी तिला समजावायचा प्रयत्न केला की पहिलं बघितलेलं घेणं, तुलनाच न करणं, यात किती धोका असतो. तिने ऐकून घेतलं, माझ्या वाटची कांद्याची पात खाल्ली आणि आज दुपारची ड्यूटी होती म्हणून कपडे बदलायला गेली. दारातून सांगून गेली की बुधवारचा दातांचा डॉक्टर होता, त्याचा आता स्वतःचा दवाखाना आहे म्हणे.

दातांचा डॉक्टर! दुपारपर्यंत मला फार वाईट वाटत होतं. बऱ्याच जणांतून मी ठरलो असं चार वर्षं धरून चाललो होतो. तुलना झाली असती तर टिकलो असतो की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

मग उठून सगळं घर एकदा फिरून पाहिलं, अनवाणी. फरशी गार होती. भिंती पांढऱ्या, दारं उस्ताच्या मेव्हण्याची, नळ टिकणारे. यातली एकही गोष्ट मी निवडलेली नाही. आणि तरी मला इथून कुठे जावंसं वाटत नाही.

याचं कारण सावकाश शोधायला हवं.